जुन्या सायकलची चाकं बदलताना आधी ब्रेक ठरवा, रिम नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांच्या वेळची २२ इंची काळी सायकल, २८ × १½ ची चाकं, रॉडचे ब्रेक. जालन्याजवळच्या गावातून एमआयडीसीपर्यंत जाऊन-येऊन १८ किलोमीटर, त्यात तीनेक किलोमीटर काळ्या रानातला शिवाररस्ता. रिमा गंजल्यात, मागचं चाक डुलतं, आरे सारखे तुटतात आणि पावसात ब्रेक लागत नाही. ‘अलॉय रिमा आणि बारीक टायर टाकले तर सायकल हलकी पळेल का? काय काय लागेल?’

थोडी हलकी पळेल, पण खर्च त्यासाठी करू नका. तुमची सायकल वीस किलोच्या आसपास, वर तुम्ही आणि डबा. दोन्ही रिमा अलॉयच्या केल्या तर सगळं मिळून किलोभर वजन उतरतं. थांब्यावरून उचलताना ते जाणवतं, सपाट रस्त्यावर एकसारखं चालवताना जवळपास नाही. सायकल जड जाते ती बहुतेक वेळा हबमधले कोन, म्हणजे छऱ्यांवर बसणारे निमुळते नट, जास्त आवळलेले असतात, ग्रीस वाळून खडू झालेलं असतं, हवा कमी असते किंवा ब्रेकचं रबर रिमला घासत असतं म्हणून. ही चारही कामं एका दुपारची आहेत. अलॉयचा खरा फायदा पावसात आहे. ओल्या क्रोमवर रबर नुसतं घसरतं, ओल्या ॲल्युमिनिअमवर धरतं. आणि अडचण नेमकी इथेच आहे: तुमचा रॉड ब्रेक अलॉय रिमवर चालतच नाही.

रॉड ब्रेकची रबरं रिमच्या बाजूला लागत नाहीत. आऱ्यांच्या दोन्ही अंगांना रिमचा जो सपाट काठ हबकडे तोंड करून असतो, त्याला ती खालून वर ओढली जाऊन टेकतात. तुमच्या रिमला तसा काठ मुद्दाम केलेला आहे. या घडणीला वेस्टवुड म्हणतात. अलॉय रिमला तो काठ नसतो, तिची घासायची जागा कुशीला असते. त्यामुळे ‘आधी रिमा आणतो, ब्रेकचं बघू नंतर’ असं केलं की सायकल महिनाभर भिंतीला टेकून राहते.

मापं: इंचावर विसंबू नका

टायरच्या कुशीवर बारीक अक्षरात दोन आकडे असतात, उदाहरणार्थ ४०-६३५. पहिला टायरची रुंदी, दुसरा टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. खरेदी करताना दुसरा आकडाच बघायचा. आपली २८ × १½ म्हणजे ६३५. ७००सी आणि २९ इंची म्हणून विकतात ते दोन्ही ६२२. २७ × १¼ म्हणजे ६३०. लेडीज सायकलची २६ × १⅜ म्हणजे ५९०, रेंजर पद्धतीची २६ × १.९५ म्हणजे ५५९. दोन्ही ‘सव्वीस’च, पण एकीचं टायर दुसरीवर चढत नाही. सगळ्यात फसवं म्हणजे २८ × १⅝ × १⅜. बाहेरून येणाऱ्या टायरांवर ‘२८ इंच’ असं छापलेलं असतं आणि ते असतं ६२२ चं. ऑनलाइन मागवलेलं ‘अठ्ठावीसचं चांगलं टायर’ परत पाठवावं लागतं ते यामुळे. आणि आपण ‘बावीसची सायकल’, ‘चोवीसची सायकल’ म्हणतो ते फ्रेमचं माप आहे, चाकाचं नव्हे. दुकानात दोन्ही वेगवेगळं सांगा.

दुसरी मोजणी आऱ्यांची. जुन्या काळ्या सायकलला पुढे ३२ आणि मागे ४० आरे असतात. बाजारात सहज मिळणारी ६२२ ची अलॉय रिम ३६ भोकांची असते. म्हणजे जुना हब ठेवून नुसती रिम बदलणं मागे जमत नाही आणि पुढेही जमत नाही. काही ठिकाणी ४० च्या हबमधली चार भोकं सोडून ३६ ची रिम बांधून देतात. तसं करू देऊ नका. आऱ्यांचे कोन बिघडतात, ताण कुठे जास्त कुठे कमी राहतो आणि रिकाम्या भोकांशेजारचे आरे आधी तुटतात.

तिसरी मोजणी एक्सलची आणि फ्रेममधल्या जागेची. जुन्या पुढच्या चाकाचा एक्सल ५/१६ इंची, मागचा ३/८ इंची, दोन्हींना इंचाला २६ आटे. नव्या हबमध्ये साधारणपणे पुढे ९ मिमी आणि मागे १० मिमी, एक मिलिमीटरच्या आट्यांचे. इंचाला २६ म्हणजे ०.९८ मिमीचा आटा. दोन्ही इतके जवळचे आहेत की चुकीचा नट दोन-तीन फेरे बिनतक्रार जातो, मग अडतो किंवा आटे खातो. १० मिमीचा नट ३/८ च्या एक्सलवर तर सैल जातो आणि आवळला की सटकतो. जुने नट, वायसर, कोन वेगळ्या डब्यात ठेवा, नव्यात मिसळू देऊ नका.

पुढच्या चिमट्याच्या दोन पायांमधली जागा जुन्या सायकलला ९१ ते ९६ मिमी भरते, नवा हब १०० चा असतो. मागे ११० च्या आसपास असते, सिंगल स्पीडचा नवा हब ११० किंवा १२० चा. फ्रेम लोखंडी आहे, पाच-दहा मिलिमीटर फाकवता येते. पण दोन्ही बाजू सारख्या फाकायला हव्यात. दोरी घ्या, मागच्या एका पट्टीपासून निघून डोक्याच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या पट्टीपर्यंत ताणा आणि सीटच्या नळीपासून दोरीचं अंतर दोन्हीकडे मोजा. एक मिमीच्या वर फरक असेल तर जी बाजू कमी आहे तीच थोडी ओढा. पुढच्या चिमट्याची खाच ८ मिमीची असते, ९ चा एक्सल बसवायला ती कानसीने वाढवावी लागते. दोन्ही पायांत सारखीच घासा, नाहीतर चाक कायमचं तिरकं बसतं आणि लोक दोष रिमला देतात.

आणखी एक, जे हमखास विसरलं जातं: मागच्या एक्सलची लांबी. काळ्या सायकलच्या त्या एका एक्सलवर डबल स्टँड, कॅरिअरचे पाय, मडगार्डच्या काड्या आणि चैन ताणायचे पत्ते एवढं सगळं बसतं. नव्या हबचा एक्सल पुष्कळदा आखूड असतो. सगळे पत्ते चढवल्यावर नटाला दीडच आटा उरतो आणि मग स्टँड काढून ठेवावा लागतो. जुना एक्सल टोकापासून टोकापर्यंत मोजा आणि नवा तितकाच मागा. हबवाल्याकडे लांब एक्सल सुटा मिळतो.

तीन मार्ग

पहिला मार्ग लोखंडावरच राहायचा. नव्या वेस्टवुड रिमा, ३२ आणि ४० भोकांच्या, नवे आरे, हब जुनेच पण कोन-छर्रे नवे. लुधियानाच्या मालाची ही चाकं आजही जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतात, प्रत्येक मिस्त्रीला बांधता येतात, आणि रॉड ब्रेक जसाच्या तसा राहतो. पावसातला ब्रेक मात्र सुधारणार नाही. तुमची ये-जा पावसाळ्यात बंद किंवा बसने असेल तर इथेच थांबा, उरलेले पैसे टायरात घाला.

दुसरा मार्ग दोन्ही चाकं ६२२ अलॉयची आणि कॅलिपर ब्रेक, म्हणजे रिमच्या दोन्ही कुशींना चिमटणारा. ऐकायला हाच सोपा वाटतो. अडचण ब्रेकच्या पोहोचीची. चिमट्याच्या डोक्यात ब्रेकच्या बोल्टसाठी भोक आहे का ते बघा. अनेक काळ्या सायकलींना मडगार्डच्या पट्टीपुरतंच असतं. त्या भोकापासून खाली रिमच्या कुशीच्या मधोमध किती अंतर भरतं ते मोजा. साध्या रोड कॅलिपरची पोहोच ३९ ते ४९ मिमी, लांब हाताच्या टेक्ट्रो आर५५९ ची ५५ ते ७३. काळ्या सायकलला चिमटा आधीच ऐसपैस, त्यात ६३५ वरून ६२२ वर आलात की रिमची कड साडेसहा मिमी आणखी खाली जाते. मोजमाप ७३ च्या वर गेलं तर हा मार्ग सोडा. त्याहून लांब हाताचे पत्र्याचे कॅलिपर मिळतात, पण लिव्हर दाबला की हातच वाकतात, रिम नीट आवळली जात नाही.

तिसरा मार्ग ब्रेक हबमध्येच घ्यायचा, आणि तुमच्या रस्त्याला हाच लागू पडतो असं माझं मत आहे. पुढे ड्रम ब्रेकचा हब. स्टर्मी-आर्चरचा ७० मिमी ड्रमचा हब ३६ भोकांत येतो, त्यावर ३६ ची दुहेरी भिंतीची ६२२ अलॉय रिम. ब्रेक रिमला शिवतच नाही, त्यामुळे रिम ओली असो की चिखलाने माखलेली, थांबणं तेवढंच. काळ्या मातीत हे महत्त्वाचं आहे: ओली रेगड रिमवर बसून वाळली की कॅलिपरच्या रबरात खड्याची पेस्ट तयार होते आणि ॲल्युमिनिअमची कूस दोन-तीन पावसाळ्यांत आत खोलगट होते.

पैसे एकदाच लावायचे असतील तर मागचं चाक लोखंडी आणि रॉड ब्रेकचं ठेवा, फक्त पुढचं बदला. थांबवण्याचा बहुतेक भार पुढच्या चाकावरच येतो. मागचं आवळलं की ते घसटत जातं. पुढचं चाक नऊ-दहा मिमीने खाली बसेल, हँडलचा तोल अर्ध्या अंशाने बदलेल, आठवड्यात सवय होते. पुढच्या रॉडचा लिव्हर काढला की त्या जागी वायरचा लिव्हर बसतो. मुठीजवळची नळी २२ मिमी आहे ना, तेवढं मोजून घ्या. ड्रमच्या बाजूला जो लोखंडी हात निघतो तो चिमट्याच्या पायाला क्लिपने पक्का बांधावा लागतो. ती क्लिप सैल राहिली तर ब्रेक मारताच तो हात फिरतो, एक्सल खाचेत वळतो, वायर ओढली जाते आणि चाक निघूही शकतं. आणि चिमटा गंजून पातळ झाला असेल तर ड्रम लावूच नका. सगळा जोर एका पायाच्या खालच्या टोकावर येतो. रंग खरवडून बघा, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोका, आवाज फुटका आला तर चिमटा आधी बदला.

मागेही अलॉय हवंच असेल तर कोस्टर हब घ्या, म्हणजे पायडल उलटं दाबून लागणारा ब्रेक. त्याला रॉडही नको, वायरही नको. एक पथ्य: चैन उतरली की ब्रेक गेला, म्हणून चैन झिजलेली ठेवायची नाही आणि पुढचा ब्रेक चालू हवाच.

हब

जुना हब ठेवणार असाल तर तो आधी पूर्ण खोला. मागच्या चाकात पहिलं काम फ्रीव्हील काढणं. ते आरे शाबूत असतानाच काढा. आरे आधी कापून टाकले की हब हातात सुटा उरतो, त्याला धरायला काही राहत नाही, आणि वर्षानुवर्षं पायडलने आवळलेलं फ्रीव्हील मग व्हाइसमध्येही हलत नाही. दोन खाचांचा काढणी पाना व्हाइसमध्ये आवळा, चाक त्यावर आडवं ठेवा आणि रिमला दोन्ही हातांनी धरून मोटारीच्या स्टिअरिंगसारखं डावीकडे फिरवा. आदल्या रात्री आट्यांत रॉकेल किंवा पातळ तेल सोडून ठेवलेलं असावं. फ्रीव्हीलचे आटे १.३७ इंच × २४ हे जुन्या-नव्या दोन्ही हबांत सारखेच असतात, त्यामुळे चांगलं असेल तर जुनं फ्रीव्हील नव्या हबवर चढतं. चढवताना आट्यांना ग्रीस लावा, नाहीतर पुढच्या वेळी हेच हाल.

पुढे एका बाजूला ३/१६ इंची १० छर्रे, मागे एका बाजूला ¼ इंची ९ छर्रे. जुन्या हबात आकडा वेगळा निघाला तर नियम असा की कप छऱ्यांनी भरायचा आणि शेवटी एका छऱ्याएवढी फट राहू द्यायची. ठासून भरले तर ते एकमेकांना घासून कप खातात. जुने-नवे छर्रे मिसळू नका, केसभर मोठा असलेला नवा छर्रा एकटाच सगळा भार घेतो. कोनावर ओरखडा किंवा खळगा नखाला लागला तर कोन बदला. कपात खळगे पडले असतील तर हबच गेला असं समजा.

कोन कितपत आवळायचा? चाक चिमट्यात बसवून नट घट्ट केल्यावर रिमपाशी धरून हलवलं तर खटखट नको, आणि व्हॉल्व्ह बाजूला नेऊन सोडला तर चाक त्याच्याच वजनाने झुलत येऊन व्हॉल्व्ह खाली स्थिरावला पाहिजे. मध्येच अडकलं तर कोन जास्त आवळलाय.

आरे आणि बांधणी

चाक टिकतं ते बांधणीवर, रिमच्या नावावर नाही. तुमचे आरे तुटतात ते बहुधा सैल असल्यामुळे. ऐकायला उलटं वाटतं, पण सैल आरा प्रत्येक फेऱ्याला ढिला-ताठ होत राहतो आणि हबपाशी वाकलेल्या मानेत थकून तुटतो. ताठ आरा जवळपास एका ताणावर राहतो. म्हणून एक आरा तुटला की तोच बदला, दुसरा तुटला की बाकीचे तपासा, तिसरा तुटला की सगळा संच बदला. उरलेलेही तितकेच थकलेले असतात.

१४ गेजचे, म्हणजे २ मिमीचे, स्टेनलेसचे आरे घ्या. कॅरिअरवर दुधाचे कॅन किंवा पोतं जात असेल तर मागे १३ गेज, २.३४ मिमी, पण हबच्या भोकातून ते सरळ जातात का ते आधी एक आरा घालून बघा. भोक मोठं करायची वेळ आली तर १४ च बरे.

लांबी अंदाजाने मागू नका. दोन मिमी लांब झाला तर आरा निप्पलच्या, म्हणजे त्याला रिममध्ये धरणाऱ्या नटाच्या, बाहेर येऊन ट्यूबला टोचतो, तीन मिमी आखूड झाला तर दोन-तीन आट्यांवर लटकतो. रिमचा आतला व्यास असा मोजा: दोन जुने आरे मानेपासून बरोबर २५० मिमीवर कापा, समोरासमोरच्या भोकांत निप्पलने अडकवा, आऱ्याचं टोक निप्पलच्या खाचेच्या तळाशी आणा, मग दोन्ही आरे ताणून त्यांच्यामधली फट मोजा आणि ५०० मध्ये मिळवा. समजा ६०२ आले. त्याचं निम्मं ३०१. हबच्या एका पाळीवरच्या (आरे अडकतात त्या चकतीवरच्या) भोकांच्या वर्तुळाचा व्यास ४५, त्याचं निम्मं २२.५. हबच्या मध्यापासून पाळीचं अंतर ३३. आता तिघांचे वर्ग करून बेरीज: ९०,६०१ + ५०६ + १,०८९ = ९२,१९६. त्यातून २ × ३०१ × २२.५ × कॉस ६०° वजा करायचं. ३६ आरे, तीन छेद (प्रत्येक आरा त्याच पाळीतल्या तीन आऱ्यांना ओलांडतो) असले की कोन ६०° येतो आणि त्याचा कॉस ०.५. म्हणजे ६,७७२ वजा, उरले ८५,४२४. वर्गमूळ २९२, त्यातून आऱ्याच्या भोकाचा निम्मा व्यास, एक मिमीच्या आसपास, वजा. २९१ मिमीचे आरे मागा. ड्रमच्या हबला पाळी मोठी असते आणि दोन बाजूंची अंतरं वेगळी असतात, त्यामुळे दोन्ही बाजूंचा हिशोब स्वतंत्र करा. आकडा बराच बदलतो. मागच्या ४० च्या चाकाला चार छेदांची जुनी पद्धतच ठेवा.

भरताना प्रत्येक पाळीतल्या १८ पैकी ९ आऱ्यांची डोकी बाहेर, ९ ची आत. पहिला आरा व्हॉल्व्हच्या भोकाशेजारच्या भोकात, तिथून दर चौथ्या भोकात. शेवटी व्हॉल्व्हच्या दोन्ही अंगांचे आरे जवळजवळ समांतर यायला हवेत. ते तिथेच एकमेकांकडे झुकत असतील तर पंपाचं तोंड आत जात नाही, पंक्चरवाला शिव्या देतो. आट्यांना भरण्याआधी थेंबभर तेल. सगळी निप्पलं आधी सारखीच, आऱ्याचे आटे दिसेनासे होईपर्यंत. ही सारखी सुरुवात केली तर आऊट, म्हणजे चाकाचं डुलणं, काढायचं काम निम्मं होतं.

मग चाकाभोवती अर्धा-अर्धा फेरा. टायरच्या बाजूने बघितलं तर निप्पल घड्याळाच्या दिशेने आवळतं. हबकडून बघणाऱ्याला ते उलटं दिसतं आणि इथेच नवखा माणूस चाक आणखी वाकडं करून ठेवतो. आधी वर-खालचा आऊट, मग डावा-उजवा. रिम डावीकडे गेली असेल तर तिथले उजवे पाव फेरा आवळा आणि डावे तेवढेच सैल करा. नुसतं आवळतच गेलात तर एका जागी रिम आत ओढली जाते. प्रत्येक वेळी थोडं जास्त फिरवून तेवढंच मागे या, नाहीतर आरा स्वतःच पिळला जातो आणि रस्त्यावर पहिल्या खड्ड्यात उलगडतो. डावा-उजवा फरक अर्ध्या मिमीच्या आत आला की पुरे. वर-खाली एक मिमीपर्यंत चालतो.

मध्ये एक-दोनदा चाक काढून उलटं बसवा. रिम दोन्ही वेळा चिमट्याच्या मधोमध दिसली तर चाक मध्यावर आहे. मागच्या चाकात फ्रीव्हीलच्या बाजूची पाळी थोडी आत असते, त्या बाजूचे आरे जास्त ताठ लागतात, ते बरोबरच आहे. चैनरिंग आणि फ्रीव्हील एका रेषेत आणायला वायसर इकडचा तिकडे केला तर रिमचा मध्य पुन्हा बघावा लागतो, म्हणून चैनची रेष आधी जुळवा, आऊट मग.

ताण मोजायचं यंत्र गावात नसतं. एका बाजूचे आरे नखाने छेडा, सगळ्यांचा सूर सारखा यायला हवा. एखादा बद्द वाजला तर तो सैल आहे. किती ताठ, हे कळायला दुकानातल्या चांगल्या नव्या चाकाचे दोन समांतर आरे मुठीत दाबून बघा आणि आपल्या चाकाचे दाबून बघा. शेवटी चाकाभोवती समांतर आऱ्यांच्या जोड्या दोन्ही हातांनी कचकचून दाबत जा. टिकटिक आवाज येईल, आऊट थोडा बिघडेल, पुन्हा काढा. आवाज यायचा थांबेपर्यंत हे करायचं. बाजारातल्या तयार चाकांत बहुतेक वेळा हीच पायरी गाळलेली असते आणि पंधरा दिवसांत ती डुलू लागतात.

टायर, ट्यूब, हवा

बारीक टायरचा मोह सोडा. २८ मिमीचं टायर आपल्या रस्त्यावरच्या खड्ड्यात रिमपर्यंत दबतं आणि ट्यूबला शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात. ६२२ वर ३५ ते ४० मिमी, आत पंक्चर-रोधक पट्टी असलेलं, मधोमध गुळगुळीत आणि कडांना हलकी नक्षी असलेलं घ्या. रिमची आतली रुंदी १९ मिमीच्या आसपास असावी. जाड गुट्ट्यांचं टायर शिवाररस्त्यासाठी म्हणून घेऊ नका. काळी माती त्या गुट्ट्यांतच भरते आणि मडगार्डखाली जाऊन चाक जाम करते. टायर आणि मडगार्डमध्ये बोटभर तरी, १२ ते १५ मिमी, जागा हवी. ६३५ च्या जागी ६२२ आल्यावर ही जागा आपोआप थोडी वाढते.

काट्यांचं म्हणाल तर दिवाळीनंतर सराटे आणि वर्षभर वेडी बाभूळ. एमआयडीसीच्या रस्त्यावर तारांचे तुकडे आणि लोखंडाचा चुरा. जुन्या टायरची पट्टी आत घालायची आपली पद्धत चालते, पण पट्टीच्या कडा तिरक्या तासून, शंखजिरे लावूनच. नाहीतर त्या कडाच ट्यूब कापतात. बाटलीतलं सीलंट आपल्या उन्हाळ्यात लवकर वाळतं, त्याच्या भरवशावर वर्ष काढू नका.

दुहेरी भिंतीच्या अलॉय रिमला आत निप्पलची मोठी भोकं उघडी असतात. त्यावर कापडी रिमपट्टी हवी. मोटारसायकलच्या ट्यूबची कापलेली रबरी पट्टी तापून सरकते आणि ट्यूब भोकात फुगून फाटते. ट्यूबचा व्हॉल्व्हही बघा: आपला वॉलट्यूबवाला आणि मोटारसायकलचा, दोन्ही रिमच्या मोठ्या भोकातून जातात, रोड सायकलच्या रिमला ६.५ मिमीचं बारीक भोक असतं, ते ८.५ पर्यंत वाढवून कड कानसीने मऊ करावी लागते.

हवा ३७ मिमीच्या टायरला, ६५-७० किलोच्या माणसाला, पुढे ४५ आणि मागे ५५ पीएसआयपर्यंत. जुन्या ६३५ च्या टायरवर छापलेल्या कमाल आकड्याच्या वर जाऊ नका, वेस्टवुड रिमच्या कडेला टायर धरायला आत वळवलेला हूक नसतो. उन्हाळ्यात लोक ‘उन्हात फुटेल’ म्हणून हवा काढून टाकतात. हिशोब बघा: सकाळी २५ अंशाला ५० भरली आणि उभ्या उन्हात टायर ६० अंशांपर्यंत तापलं तरी दाब सात-आठ पीएसआयनेच वाढतो. चांगलं टायर त्याने फुटत नाही. फुटतं ते कुजलेल्या कुशीमुळे, टायरखाली चिमटलेल्या ट्यूबमुळे, किंवा जुन्या ठिगळाचं सोल्यूशन मऊ होऊन सुटल्यामुळे. कमी हवेवर चालवल्याने मात्र कूस रोज घडी पडून तडकते.

चाक बदलल्याने गिअरचाही थोडा फरक पडतो. ४४ दातांची चैनरिंग आणि १८ चं फ्रीव्हील असेल तर ६३५ वर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साडेपाच मीटर जाते, ६२२ × ३७ वर सुमारे ५.३४ मीटर. आषाढातला पश्चिमेचा वारा तोंडावर घेऊन कामाला जावं लागत असेल तर याच वेळी २० चं फ्रीव्हील टाका, ४.८ मीटरवर येईल आणि गुडघ्यांना बरं पडेल. चैन तीच, अर्धा इंच × १/८, फक्त दोन कड्या वाढवाव्या लागू शकतात.

पहिले ५० ते १०० किलोमीटर झाले की चाक पुन्हा एकदा आऊटवर घ्या, एक्सलचे नट आणि ड्रमच्या हाताची क्लिप आवळा. त्यानंतर पावसाळा संपल्यावर हब खोलून ग्रीस बदला. चिखल धुताना पाण्याचा जोराचा फवारा हबवर मारू नका, पाणी कोनाच्या फटीतून सरळ छऱ्यांत जातं.